धक्क्यावरची आगगाडी

समुद्रप्रवासाची जुनी वर्णने वाचू लागले म्हणजे हळूहळू ध्यानात येते की, प्रवासवर्णनकारांनी एडनचे बोडके खडक, सुएझच्या दुतर्फा पसरलेली वाळू आणि भूमध्य समुद्रावरील सूर्यास्त यांच्यावर पानेच्या पाने खर्ची घातलेली असली, तरी घरून निघालेली आपली पेटी बोटीवरील खोलीत कोणी, कोणत्या वाटेने आणि किती हुज्जतीनंतर पोहोचवली, याविषयी ते बहुधा मौन पाळतात. हे मौन समजण्यासारखे आहे. सूर्यास्ताविषयी लिहिल्याने लेखकाची प्रतिष्ठा वाढते, हमालाशी झालेल्या घासाघिशीविषयी लिहिल्याने ती वाढतेच असे नाही. परंतु प्रवासाचा इतिहास ज्याला खरोखर समजून घ्यावयाचा आहे, त्याला या पेटीच्या मागोमाग चालण्यावाचून गत्यंतर नाही. आगगाडी आणि आगबोट ही दोन्ही यंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच बऱ्यापैकी सिद्ध झाली होती. त्या दोहोंच्या मध्ये उरलेले काहीशे यार्डांचे अंतर मिटवण्यास मात्र पुढे पाऊणशे वर्षे लागली, आणि ते मिटते न मिटते तोच पुन्हा वाढू लागले.

सुएझचा कालवा खुला झाला तो १८६९ च्या नोव्हेंबरात. त्यापूर्वी विलायतेहून हिंदुस्थानास येणारा उतारू अलेक्झांड्रियास उतरे, तेथून कालव्याने आणि नाईल नदीतून कैरोपर्यंत येई, आणि पुढले वाळवंट घोड्यांच्या गाडीत हाडे खिळखिळी करून घेत ओलांडी; त्याचे सामान, टपालाच्या पेट्या आणि प्रसंगी तांबड्या समुद्रातील बोटींसाठी लागणारा कोळसादेखील उंटांच्या पाठीवरून सुएझला जाई. अलेक्झांड्रिया ते कैरो हा लोहमार्ग १८५६ मध्ये आणि कैरो ते सुएझ हा १८५८ मध्ये पुरा झाला, तेव्हा उंटांची ही चाकरी सुटली. एका बोटीतून दुसऱ्या बोटीत माणसे आणि सामान नेऊन घालणे हेच ज्याचे एक मुख्य काम, असा हा लोहमार्ग होता. आणि अकरा वर्षांनी कालवा झाल्यावर त्याचे ते काम जवळजवळ संपले. दोन बोटींना जोडणाऱ्या आगगाडीचे आयुष्य बोटींच्या मर्जीवर अवलंबून असते, हा धडा मिसर देशात इतक्या लवकर मिळाला होता, तरी तो पुढे कोणी ध्यानात ठेवल्याचे दिसत नाही.

मुंबईची स्थिती याहून चमत्कारिक होती. १८५३ च्या एप्रिलात बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली आणि १८७० मध्ये मुंबई व कलकत्ता ही दोन शहरे रुळांनी जोडली गेली, म्हणजे स्टेशनाच्या नावात बंदर होते, गाडी बंदरापासून हाकेच्या अंतरावर उभी राहत होती आणि बोटीही त्याच बंदरात येत होत्या. तरीही गाडीतून उतरलेल्या माणसाला बोटीपर्यंत पोहोचण्यासाठी आधी घोडागाडी, मग अपोलो बंदराच्या पायऱ्या आणि शेवटी पाण्यात नांगरून पडलेल्या बोटीकडे नेणारी लाँच असे तीन टप्पे पार करावे लागत. या प्रत्येक टप्प्यावर सामान एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर जाई, आणि प्रत्येक वेळी नगांची मोजदाद करून घेणे हे कुटुंबातील कर्त्या पुरुषाचे काम असे. १८७२ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या सुप्रसिद्ध कादंबरीत झ्यूल व्हेर्न याने ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करावयास निघालेल्या नायकाच्या हाती केवळ दोन सदरे, तीन जोड पायमोजे आणि वीस हजार पौंडांच्या नोटा असलेली एक पिशवी दिली, यात त्याचे चातुर्य आहे. तीन ट्रंका आणि एक वळकटी दिली असती, तर नायक मुंबईच्या धक्क्यावरच अडकून पडला असता आणि कादंबरीही.

त्यातून मुंबईपर्यंत येणे तरी सरळ कोठे होते? निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळ्या रुंदीचे रूळ घातलेले असल्यामुळे सामानाची चढउतार वाटेतही करावी लागे. कोल्हापूर, सांगली या भागातून येणारा प्रवासी मिरजेवरून मीटर गेजच्या गाडीने पुण्यास येई, आणि पुण्यास सारे बिऱ्हाड उतरवून मोठ्या गाडीत भरी. हा पुणे-मिरज मार्ग रुंद होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. राजपुतान्यातून येणाऱ्याची हीच गत अहमदाबादेस होई. गोव्याचा प्रकार आणखी निराळा: तेथे मुरगाव बंदरापर्यंत रूळ थेट नेलेले होते, परंतु वाटेत दोन राज्यांची हद्द पडत असल्यामुळे कुळे येथे पोर्तुगीज आणि कॅसलरॉक येथे इंग्रज अंमलदार सामानाची झडती घेत, आणि ज्या ट्रंकेला एकदाच कुलूप लावून निघावे अशी प्रवाशाची इच्छा असे ती त्याला दोनदा उघडावी लागे.

सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी १९०२ साली जे अनेक हिंदी संस्थानिक विलायतेस गेले, त्यांत आपले कोल्हापूरचे शाहू महाराज होते आणि जयपूरचे महाराज माधोसिंह हेही होते. सामानाच्या इतिहासात माधोसिंहांचे नाव अग्रभागी घालावे लागेल. समुद्र ओलांडल्याने धर्म बुडतो अशी त्या काळची समजूत असल्यामुळे त्यांनी ‘ऑलिंपिया’ नावाची नवी बोट सबंध भाड्याने घेतली आणि विलायतेतही गंगाजलच प्यावयास मिळावे म्हणून सुमारे सव्वापाच फूट उंचीचे चांदीचे प्रचंड रांजण बरोबर नेले. त्यांपैकी दोन रांजण जयपूरच्या राजवाड्यात आजही उभे आहेत आणि प्रेक्षक त्यांच्या चांदीची किंमत करीत त्यांच्याभोवती फिरतात. मला त्या चांदीपेक्षा, काठोकाठ भरलेले असे पात्र मुंबईच्या बंदरात बोटीवर चढवताना ज्यांच्या खांद्यांना दोर लागले असतील त्या माणसांचे कुतूहल अधिक वाटते. पण दप्तरात त्यांची नावे नाहीत.

हे सारे बदलले ते बॅलार्ड पिअरमुळे. अलेक्झांड्रा गोदीच्या, म्हणजे आजच्या इंदिरा गोदीच्या, खोदकामातून निघालेला भराव टाकून पोर्ट ट्रस्टने समुद्रातून नवी जमीन काढली, तिच्यावर जॉर्ज विटेट या वास्तुशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली बॅलार्ड इस्टेट वसवली, आणि १९१४ साली गोदी सुरू झाल्यावर पुढच्याच वर्षी गोदीची स्वतःची रेल्वे चालू केली. ही रेल्वे दोन्ही बड्या कंपन्यांच्या मार्गांना जोडलेली असल्यामुळे त्यांच्या गाड्या आता थेट धक्क्यावर येऊ शकत होत्या. धक्क्यावरील स्टेशनाचे नाव बॅलार्ड पिअर मोल. एका अंगास बोट, मध्ये जकातीची शेड आणि पलीकडे फलाट, अशी तेथील व्यवस्था असल्यामुळे पेशावरच्या छावणीत किंवा कलकत्त्याच्या कचेरीत रुजू होण्यास निघालेला साहेब मुंबई शहराचे दर्शनही न घेता आपल्या डब्यात जाऊन बसे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीच्या पंजाब लिमिटेड आणि इंपीरियल इंडियन मेल या गाड्या येथून सुटत. बॉम्बे-बडोदा कंपनीला हे सहन होण्याजोगे नव्हते. तिने १ सप्टेंबर १९२८ पासून पेशावरसाठी फ्रंटियर मेल सुरू केली आणि टपालाची बोट लागे त्या दिवशी तीही गाडी याच धक्क्यावरून सोडण्याची तजवीज केली. पुढे १९३४ मध्ये या गाडीला बर्फाच्या लाद्यांनी थंड राखलेला डबा जोडण्यात आला, तेव्हा मुंबईच्या उकाड्यात उतरलेल्या माणसाची दिल्लीपर्यंतची सोय अधिकच उत्तम झाली. गोल्डन टेंपल मेल या नावाने ही गाडी आजही धावते, मात्र धक्क्यावर येत नाही.

तथापि ही सारी आस्था प्रवाशासाठी होती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. गाड्यांची वेळापत्रके बेतली जात ती टपालासाठी. विलायतेची डाक किती तासांत पोहोचवावयाची याचा करार सरकार आणि पी अँड ओ कंपनी यांच्यामध्ये झालेला असे, विलंबाबद्दल दंड असे, आणि म्हणून बोट दृष्टिपथात येताच तारा सुटत व इंजिनात वाफ धरली जाई. पहिल्या महायुद्धापूर्वी तर डाकेची वर्गवारी करणारे कारकून बोटीवरच असत आणि मुंबई येईपर्यंत कोणती थैली कोणत्या गाडीत जावयाची हे ठरून गेलेले असे. थैल्यांच्या मागोमाग माणसे जात. माणसांना मिळालेली ही तत्परता मूळची कागदांसाठी होती, आणि कागद जेव्हा विमानाने जाऊ लागले तेव्हा माणसांचीही ती सवलत पुढे फार काळ टिकली नाही.

आता पेटीकडे वळू. बोटीवरच्या सामानाची व्यवस्था ज्या एका सुबुद्ध शिरस्त्यावर चालत असे, तो शिरस्ता असा, की सामानाचे वर्ग वजनावरून किंवा आकारावरून न करता ते केव्हा लागणार यावरून करावयाचे. प्रवाशाला कंपनीकडून तीन प्रकारची लेबले मिळत. खोलीत न्यावयाच्या नगावर एक. वाटेत कधीमधी लागेल, परंतु खोलीत मावणार नाही अशा नगावर दुसरे. आणि मुक्काम येईपर्यंत ज्याचे तोंडही पाहावयाचे नाही अशावर तिसरे. तिसऱ्या वर्गाचे नग बोटीच्या तळघरात जात. दुसऱ्या वर्गाचे सामान एका कोठीत राही व ती कोठी ठरल्या वेळी उघडली जाई, म्हणजे सुएझ ओलांडून थंडी सुरू झाल्यावर मंडळी तेथे जाऊन लोकरीचे कपडे काढीत आणि पांढरे कपडे आत ठेवीत. खोलीतील पेटी बिछान्याखाली सरकली पाहिजे म्हणून तिची उंची सुमारे चौदा इंचांच्या आत ठेवण्याचा दंडक होता, आणि बसक्या पेट्यांचा जो एक घाट त्यामुळे रूढ झाला, त्याचे नमुने जुन्या घरांच्या माळ्यावर अजून सापडतात. लेबलावर आडनावाचे आद्याक्षर मोठ्या ठशात असे. जकातीच्या शेडमध्ये त्याच अक्षराखाली सामान लावून ठेवीत, म्हणजे प्रवाशाने आपल्या अक्षरापाशी जाऊन उभे राहावे. ज्यांची आडनावे एकाच अक्षराने सुरू होतात अशा लोकांचा, एरवी कधीही न जमणारा, एक समाज तेथे घटकाभर जमत असे.

खरा पेच पडे तो बोटीच्या आणि रेल्वेच्या नियमांतील तफावतीमुळे. पी अँड ओ कंपनी पहिल्या वर्गाच्या उतारूस ३३६ पौंड, म्हणजे सुमारे १५२ किलो, सामान फुकट नेण्याची मुभा देत असे. फ्रान्सच्या रेल्वेत ही मर्यादा ३० किलोंची होती, आणि इटलीच्या रेल्वेत तर ब्रेकव्हॅनमध्ये घातलेल्या प्रत्येक नगाचे हशील भरावे लागे. आता मुंबईहून निघालेल्या ज्या माणसाला घाई असे तो इटलीतील ब्रिंडिसीस, किंवा फ्रान्समधील मार्सेलिसला उतरून गाडीने लंडन गाठी. कारण बोट जिब्राल्टरला वळसा घालून इंग्लंडला पोहोचण्यास मार्सेलिसनंतरही आठवडाभर घेई आणि गाडीला एखादाच दिवस लागे. मग त्या दीडशे किलोंचे काय करावयाचे? शहाणे लोक हातातली एक पिशवी घेऊन उतरत आणि बाकीचे सामान बोटीवरच राहू देत. अशा रीतीने मालक आधी पोहोचे आणि त्याची मालमत्ता आठवड्याने येई, ही गोष्ट त्या काळी इतकी नित्याची होती की तिचे कोणाला नवल वाटत नसे.

सामान दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याची ही पद्धत एजंट कंपन्यांनी व्यवसायाच्या पदवीस नेली. थॉमस कुक कंपनीने १८८१ मध्ये मुंबईस कचेरी उघडली. अशा कंपन्यांची माणसे गाडीपाशी येत, नग मोजून घेत, किल्ल्याही घेत, आणि जकातीची रुजुवात परस्पर करून सामान मुक्कामी पोहोचवीत. सोय मोठी, पण तिच्यात एक मेख होती, आणि ती अठरा वर्षांच्या एका मुलाला कशी बाधली ते त्याने पुढे आत्मकथेत लिहून ठेवले आहे. १८८८ च्या सप्टेंबरात ‘क्लाइड’ बोटीने मुंबईहून निघालेल्या मोहनदास गांधींनी उतरताना घालावयासाठी पांढऱ्या फ्लॅनेलचा पोशाख मुद्दाम राखून ठेवला होता. सप्टेंबर अखेरच्या इंग्लंडात पांढरा पोशाख केलेला इसम आपण एकटेच आहोत हे धक्क्यावर पाऊल ठेवताच त्यांच्या लक्षात आले. पण इतरांनी केले तसेच त्यांनीही सारे सामान किल्ल्यांसह एजंटच्या माणसाला देऊन टाकलेले, आणि दुसरे दिवशी रविवार. सोमवारपर्यंत कपडे बदलण्याची सोय नव्हती.

याच गृहस्थांचा त्रेचाळीस वर्षांनंतरचा प्रवास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. १९३१ च्या ऑगस्टात गोलमेज परिषदेस जावयाचे की नाही याचा निर्णय सिमल्यास व्हाइसरॉयशी चाललेल्या वाटाघाटींत अगदी अखेरच्या घटकेपर्यंत लांबला. बोट मुंबईहून २९ तारखेस सुटणार आणि सिमल्याहून कालक्यापर्यंतचा मार्ग अरुंद रुळांचा, डोंगरवळणांचा, ९६ किलोमीटरांचा. तेव्हा सरकारने त्यांच्यासाठी खास गाडी सोडून कालक्यास पुढची गाडी गाठून दिली, आणि ते वेळेवर ‘राजपुताना’ बोटीवर चढले. घाईत निघालेल्या या मंडळींचे सामान मात्र घाईचे दिसत नव्हते, कारण चाहत्यांनी ट्रंका, सुटकेसी भरभरून दिल्या होत्या. बोटीवर गांधीजींनी त्या सामानाची झडती घेतली, सोबत्यांची चांगलीच कानउघाडणी केली आणि अनावश्यक नग एडनहून परत रवाना करावयास लावले. मार्सेलिसच्या जकात अधिकाऱ्यापुढे त्यांनी जी यादी सांगितली तिच्यात चरखे, तुरुंगातली भांडी, बकरीच्या दुधाचा डबा आणि खादीचे पंचे, टॉवेल एवढ्याच वस्तू होत्या. तेथून फ्रान्सच्या गाडीने निघताना तीस किलोंच्या मर्यादेची चिंता करण्याचे त्यांना कारण उरले नसावे.

साहेबांच्या आणि पुढाऱ्यांच्या या कथांत एका मोठ्या समुदायाकडे दुर्लक्ष होते, आणि तो म्हणजे हजचे यात्रेकरू. उत्तरेकडील दूरदूरच्या गावांतून हे लोक तिसऱ्या वर्गाच्या डब्यांतून मुंबईस येत, मुसाफिरखान्यात बोटीची वाट पाहत राहत आणि तांदूळ, डाळ, भांडी, अंथरुणे असा महिन्यामहिन्यांचा सरंजाम स्वतःच्या खांद्यावरून धक्क्यावर नेत. वृद्ध यात्रेकरू कफनाचे कापडही बरोबर घेत, ते झमझमच्या पाण्यात भिजवून आणावे म्हणून. आणि परतताना त्याच पाण्याचे डबे गाड्यांतून गावोगाव जात. बॅलार्ड पिअरची आलिशान व्यवस्था ज्यांच्यासाठी केली गेली ते लोक गेले, परंतु मुंबईहून समुद्रमार्गे होणारी हजची यात्रा १९९५ पर्यंत चालू होती. मुंबईच्या बंदराचा इतिहास लिहिणाऱ्यांनी फ्रंटियर मेलच्या बर्फाइतकीच जागा या डाळ-तांदळालाही दिली असती तर तो अधिक खरा झाला असता.

विमानांनी ही सारी रचना मोडली, ती केवळ मुंबईतच नव्हे. साउदॅम्प्टनला १९५० साली ओशन टर्मिनल या नावाची एक भव्य इमारत उभी राहिली होती. लंडनहून आलेली गाडी तिच्या आत शिरे आणि वरच्या मजल्यावरून उतारू थेट अटलांटिकच्या बोटीवर जात. ती इमारत १९८३ मध्ये पाडण्यात आली. बॅलार्ड पिअर मोलवरील गाड्या तर त्यापूर्वीच बंद पडल्या होत्या, आणि आज त्या बाजूस जाणाऱ्या तरुण मुंबईकराला येथे कधी पेशावरची गाडी उभी राहत होती असे सांगितले तर तो विश्वास ठेवणार नाही.

गंमत अशी की बोटी परत आल्या आहेत. कोठे पोहोचण्यासाठी न निघता केवळ हिंडून येण्यासाठी निघणाऱ्या क्रूझ बोटी मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप या बाजूस जातात, आणि त्यांच्यासाठी बांधलेल्या नव्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलचे उद्घाटन २०२५ मध्ये झाले. टर्मिनल देखणे आहे. रूळ मात्र तेथे येत नाहीत. नागपूरहून, सोलापूरहून किंवा नांदेडहून निघालेले कुटुंब छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरते तेव्हा धक्का दीड-दोन किलोमीटरांवर असतो, आणि कुर्ल्याच्या टर्मिनसवर उतरते तेव्हा सारे शहर ओलांडावयाचे उरते. १८८८ साली जे अंतर घोडागाडीने काटावे लागे ते आता टॅक्सीने काटावे लागते, एवढाच फरक. पोर्ट ट्रस्टने शंभर वर्षांपूर्वी जे करून दाखवले ते आज करण्याचे कोणाच्या मनातही येऊ नये, याला मी तरी प्रगती म्हणणार नाही.

जुन्या व्यवस्थेतील एक अंश तेवढा टिकला आहे. टर्मिनलवर पोहोचताच मोठे नग बोटीचे कर्मचारी ताब्यात घेतात आणि खोलीच्या क्रमांकाचे लेबल पाहून ते दाराशी नेऊन ठेवतात. हे व्हावयास काही तास लागतात, म्हणून केव्हा काय लागणार या हिशेबाने सामान वाटून भरण्याचा तो शिरस्ता आजही तितकाच उपयोगी आहे. औषधे, ओळखपत्रे, चष्मा आणि पहिल्या संध्याकाळचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवावेत. पांढऱ्या फ्लॅनेलची कथा त्यासाठीच येथे इतक्या विस्ताराने सांगितली. आपल्या रेल्वेत शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात माणशी ४० किलो, द्वितीय वातानुकूलितमध्ये ५० किलो आणि पहिल्या वातानुकूलितमध्ये ७० किलो सामान विनाशुल्क नेता येते, आणि पेटीची लांबी १०० सेंटिमीटर, रुंदी ६० व उंची २५ सेंटिमीटर याहून अधिक असू नये असा सर्वसाधारण नियम आहे. तृतीय वातानुकूलित वर्गात तर पेटी याहूनही लहान असावी लागते. राहता राहिली वेळ. सिमल्याहून निघालेल्या प्रवाशासाठी सरकारने खास गाडी सोडली होती; तुमच्याआमच्यासाठी ती सुटणार नाही, आणि गाडीला उशीर झाला म्हणून बोटही थांबणार नाही. तेव्हा बोट सुटण्याच्या दिवशी सकाळी मुंबईस पोहोचणाऱ्या गाडीचे तिकीट काढू नये. आदल्या दिवशीचे काढावे.